काटा आणि काठी

बँकेत बावीस वर्षं काढली की माणसाचा आकड्यांवर विश्वास बसतो आणि माणसांवरचा उडतो. काउंटरपलीकडचा गृहस्थ देवाशपथ सांगत असतो की खात्यात पाच हजार असायलाच हवेत, आणि आपण मान वर न करता म्हणतो, "चारशे बारा." संपलं. त्यावर देवाकडेसुद्धा अपील नाही.

घरी मात्र सगळं उलटं. घरी बाबा, बाबांची मॅटाडोर, आणि त्या मॅटाडोरच्या डॅशबोर्डावर खरा म्हणावा असा एकही आकडा नाही.

मॅटाडोर म्हणजे काय हे आता तरुण वाचकांना सांगावं लागेल. मूळ गाडी जर्मनीतल्या टेम्पो नावाच्या कारखान्याची. आपल्याकडे ती १९६९ पासून आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं बनवली. या कंपनीनं आधी तीन चाकांचा टेम्पो काढला होता. तो इतका चालला की आपण मालवाहू दिसेल त्या गाडीला टेम्पो म्हणायला लागलो, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. २००५ साली कंपनीनं स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. लोकांनी बदललं नाही. शेजारची मुलं आमच्या गाडीला 'टेम्पो' म्हणतात तेव्हा बाबा "मॅटाडोर" अशी दुरुस्ती करतात. इतिहासाच्या दृष्टीनं मुलांचंही चुकत नाही, पण हे बाबांना कोण सांगणार?

१९९१ साली, डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात फोरमन असताना, बाबांनी ती घेतली. मागची बाकं काढून दोन फळ्या बसवल्या. दिवसा बसायला, रात्री झोपायला. खाली पाण्याचा पिंप, शेगडी, डब्यांची फडताळं, वर मच्छरदाणीचे हूक. परदेशात याला कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि तिची छायाचित्रं काढतात. आमच्या सोसायटीत 'विंचवाचं बिऱ्हाड' म्हणत आणि पार्किंगची तक्रार करत. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, एका झाकणाखाली. त्यामुळे ड्रायव्हरची डावी मांडी भाजते. पण झाकणावर ठेवलेली पुरणपोळी पालीपर्यंत गरम राहते.

आता डॅशबोर्ड. मधोमध स्पीडोमीटर, बाजूला तीन लहान काटे. डिझेलचा काटा २००४ साली वारला. उष्णतेचा काटा काचेवर टिचकी मारली तर जागा होई आणि सरकारी कर्मचाऱ्यासारखा पुन्हा जागेवर जाई. अँपिअरचा काटा कायम शून्याच्या जरा खाली, महिनाअखेरच्या माझ्या खात्याप्रमाणे. बाबांना याचं काही वाटत नसे. डिझेलसाठी त्यांच्याकडे खाचा पाडलेली एक वेताची काठी होती. ती टाकीत घालायची, बाहेर काढायची, ओली कुठवर आली ते बघायचं. यात हसण्यासारखं काही नाही. जर्मनांच्या बीटल मोटारीला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पेट्रोलचा काटाच नव्हता. आणि आपणही स्कूटर आडवी करून, रिझर्व्हला लावून, नवसानं पंपापर्यंत नेलेल्या आहेतच.

वेगासाठी बाबांकडे कान होते. "चाळीसला मागचं दार वाजतं, पन्नासला कळशी, आणि साठला तुझी आई बोलायला लागायची."

हे सगळं बाबा चालवत होते तोवर ठीक. पण काचबिंदूनं त्यांची नजर गेली, लायसन्स गेलं, आणि स्टिअरिंग माझ्याकडे आलं. मला कान नाहीत. मला आकडा लागतो. त्यात स्पीडोमीटरचा काटा तीस आणि सत्तरच्या मधे थरथरू लागला. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, आणि चालू स्पीडोमीटर हा नियमच आहे. साहेबानं विचारलं, "वेग कसा कळतो?" तर "कळशी वाजते" असं सांगता येत नाही.

एरवी मला अरे-तुरे करणारी माझी बायको रागावली की 'अहो' म्हणते. ती म्हणाली, "अहो, मुंबईकरांनी २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीलासुद्धा निरोप दिला. आपण कधी देणार?"

बाबा आतून म्हणाले, "ती टॅक्सी होती. ही घरची आहे."

शेवटी आमच्या चिरंजीवांनी सूत्रं हाती घेतली. ते पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकतात, म्हणजे घरातली चालू वस्तू उघडून ठेवतात. त्यांनी साडेआठ हजारांचं नवं मीटर मागवलं. काळा पडदा, निळे आकडे, केबल नाही, काटा नाही. वेग थेट उपग्रहाकडून. म्हणजे कल्याण-शीळ रस्त्यावर आपण वाहतुकीत अडकून उभे आहोत ही बातमी सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून येणार!

जुनं मीटर काढून चिरंजीवांनी ते टेबलावर उघडलं तेव्हा मी प्रथमच आत पाहिलं. त्याला वीज लागतच नाही. गिअरबॉक्सकडून केबल फिरत येते, तिच्या टोकाला लोहचुंबक गरगरतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी. चुंबक वाटीला शिवतसुद्धा नाही. पण त्याच्या फिरण्यानं वाटीत प्रवाह उठतात आणि ती त्याच्यामागे वळू बघते. केसासारखी एक स्प्रिंग तिला मागं खेचते. या ओढाताणीत काटा जिथं थांबेल तो आपला वेग. ओट्टो शुल्झ नावाच्या जर्मनानं याचं पेटंट १९०२ साली घेतलं. तो विवाहित असावा.

नवं मीटर बसलं. पहिल्याच फेरीत कळलं की बाबांची साठ ही खरी त्रेपन्न होती. जुने स्पीडोमीटर थोडा जास्तच वेग दाखवतात. मी बाबांना समजावलं, "साठ म्हणजे ग्रॉस, त्रेपन्न म्हणजे हातात." ते हसले. मग म्हणाले, "किलोमीटर किती दाखवतंय?"

"शून्य," मी म्हटलं. "नवीन आहे ना."

"शून्य? म्हणजे आपण कुठं गेलोच नाही?"

मी त्यावर काहीच बोललो नाही. जुन्या मीटरवर ७१,६४० होते, आणि तोही दुसरा फेरा. पहिला लाख बाबांनी केव्हाच पुरा केला होता. प्रत्येक प्रवासाची नोंद त्यांच्या लाल वहीत होती: तारीख, आकडा, डिझेल, कोण कोण आलं. वही फडताळातून काढून मी रात्री चाळली. दोन नोंदी एकाखाली एक होत्या. '४८,२०६. ठाणे, हॉस्पिटल. सौ.सह.' आणि तिच्याखाली, '४८,२३०. परत. एकटा.'

असो. दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही ओझर आणि लेण्याद्रीला निघालो. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, हा बाबांचा ठरलेला रस्ता. निघताना बाबा म्हणाले, "काठी घातलीस?" मी म्हटलं, "बाबा, आता पडदा आहे. बरोब्बर अर्धी टाकी दाखवतोय." काठी दाराआडच राहिली.

माळशेज चढताना उष्णतेचा नवा आकडा इतका चोख वाढला आणि इतका चोख उतरला की मला त्या मीटरबद्दल जावयासारखं प्रेम वाटू लागलं. ओझरला पोचलो तेव्हा डिझेल अर्ध्याच्या वर होतं. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून-उतरून आलो तेव्हाही तेवढंच. परतीला ओतूर सोडलं तेव्हा पाऊण! आता तुम्ही म्हणाल, बँकेतला माणूस. पैसे काढल्यावर शिल्लक वाढली तर त्याला संशय यायला नको? आला होता. पण चिरंजीव म्हणाले, चढउतारावर डिझेल टाकीत एका बाजूला जातं. शिकलेल्या मुलाशी वाद कोण घालणार? घाट उतरलो, आणि टोकावड्याच्या अलीकडे, पडदा टाकी काठोकाठ दाखवत असताना, गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

कारण अगदी कॉमर्सचं होतं. टाकीत एक तरंगा असतो. तो खालीवर होईल तसा विजेचा रोध बदलतो, आणि मीटर तो रोध वाचतं. पण काही घराण्यांत रिकामी टाकी म्हणजे दहा ओहम आणि भरलेली म्हणजे एकशेऐंशी. काही घराण्यांत नेमकं उलट, रिकामीला जास्त, भरलेलीला कमी. आमचा तरंगा एका घराण्यातला आणि मीटर दुसऱ्या. ग्राहकाच्या कॅशबुकात जी शिल्लक नावे, तीच बँकेच्या पासबुकात जमा, हे मी स्वतः किती जणांना शिकवलंय! बसवलं तेव्हा टाकी नेमकी अर्धी होती. अर्ध्याचं उलटंही अर्धंच. ताळेबंद जुळला, म्हणून कोणी तपासला नाही.

चिरंजीवांना डबा देऊन दुधाच्या टेम्पोतून मुरबाडकडे पिटाळलं. ते डिझेल घेऊन आले तोवर अंधार पडला. पण डिझेलची गाडी कोरडी झाली की नुसतं भरून भागत नाही. नळ्यांत हवा शिरते. 'एअर पकडली' म्हणतात तेच. मी मोबाइलचा उजेड पाडून इकडेतिकडे बघत होतो. बाबा म्हणाले, "उजेड तुझ्या पायाशी धर, मला नको." त्यांनी चाचपत फिल्टरचा स्क्रू सैल केला, माझ्याकडून हातपंप मारून घेतला, आणि बोट तिथंच ठेवलं. "अजून बुडबुडे आहेत. मार. अजून... मार... हं, आता नुसतं डिझेल." स्क्रू आवळला. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. नव्या पडद्यानं लगेच टाकी किंचित कमी झाल्याचं दाखवलं.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, काठी कुठाय?"

घरी आलो तेव्हा नव्या मीटरवर ३१२ किलोमीटर झाले होते. ती रात्र मला झोप लागली नाही. मागची शिल्लक न घेता नवं पान सुरू करणं हे आमच्या धंद्यात पाप आहे. दुसऱ्या आठवड्यात सुट्टी टाकली, बाबांना बरोबर घेतलं आणि जुनं मीटर पिशवीत घालून कल्याणातल्या एका बोळात गेलो. तिथं बाबांच्याच वयाचा एक मीटरवाला अजून बसतो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, स्प्रिंग बदलली, धुरा साफ केला, काटा स्थिर केला. मग सवयीनं विचारलं, "किलोमीटर किती कमी करायचे?"

"वाढवायचे आहेत," मी म्हटलं. "तीनशे बारा."

त्यानं भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. आमचा कॅशियर फाटकी नोट उजेडाकडे धरून बघतो, तसं. "आजवर कोणी वाढवून नेले नाहीत," तो म्हणाला. "थांबा, चाकं हातानं फिरवून देतो. दोन मिनिटांचं काम."

"हातानं नको," बाबा म्हणाले. "ती खोटी नोंद होईल. गाडी गेलेली आहे. चालवून द्या."

मीटरवाल्याला हे काय समजलं कोण जाणे, पण त्यानं वाद घातला नाही. ड्रिल मशीनला केबलचा तुकडा लावून मीटरला जोडला. केबलचे हजार फेरे म्हणजे एक किलोमीटर. त्यानं नव्वदच्या वेगावर लावलं. मी मनात हिशेब केला: साडेतीन तास. आमची मॅटाडोर आयुष्यात प्रथमच नव्वदनं धावत होती, आणि तीही टेबलावर.

बाबा खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर. थोड्या वेळानं म्हणाले, "कुठं आलो?"

आकडा ७१,६४८ होता. "कल्याण."

"म्हणजे या दुकानावरूनच गेलो की!"

मीटरवाला हसला आणि त्यानं चहा सांगितला. मुरबाड गेलं. एक गिऱ्हाईक येऊन रिक्षाचं मीटर ठेवून गेलं. टोकावडं गेलं. बाबा अचानक म्हणाले, "घाट लागला असेल. घाटात नव्वद? कमी करा." आणि त्या भल्या माणसानं खरोखर ड्रिल मंद करून काटा तीसवर आणला.

"या घाटात तुझी आई डोळे मिटून बसायची," बाबा म्हणाले. "म्हणायची, वर पोचलो की सांगा."

मीटरचं घरघरणं ऐकत आम्ही बसून राहिलो. ७१,७३५ ला मी म्हटलं, "घाट संपला, बाबा." त्यांनी मान डोलावली. ओझरला त्यांनी हात जोडले. समोर ड्रिल मशीन होतं, पण त्यांना दिसत नव्हतं आणि मीही काही बोललो नाही.

७१,८९० ला ते म्हणाले, "थांबवा. इथं बंद पडली होती." मीटरवाल्यानं बटण बंद केलं. दुसरा चहा झाला. मग पुन्हा सुरू.

७१,९५२ ला मी आकडा वाचला. बाबांनी पिशवीतून वही काढली. मी पान उघडून बोट ठेवलं, आणि त्यांनी मोठ्या, ओळीबाहेर जाणाऱ्या अक्षरांत तो लिहिला. मीटरवाल्यानं दुरुस्तीचे पैसे घेतले, तीनशे बारा किलोमीटरचे घेतले नाहीत.

बाहेर पडलो तर बोळाच्या तोंडाशी मॅटाडोर उभी होती. मी दार उघडून बाबांचा हात धरला. ते चढले नाहीत.

"आधी काठी घाल," म्हणाले.