चार मीटरांची गाडी आणि पायी विहार

आपल्या देशातील छोट्या मोटारीची लांबी करखात्याने ठरवली आहे. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील अबकारी कर 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणला गेला आणि छोटी मोटार कोणती, हेही तेव्हाच सांगितले गेले. लांबी चार मीटरांच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 घनसेंटिमीटरपर्यंत आणि डिझेल 1500 पर्यंत. सप्टेंबर 2025 मध्ये वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवर आला, तोही याच मापाच्या गाड्यांसाठी. म्हणून बाजारातील कितीतरी छोट्या ‘एसयूव्ही’ 3995 मिलिमीटर लांबीच्या असतात. मापात राहून सवलत पदरात पाडण्याची ही कला आपल्या पेढ्यांना नवी नाही.

लांबीवर बंधन आले, उंचीवर आले नाही. त्यामुळे ही गाडी आखूड आणि उंच झाली. आम्ही ती दिवाळी पाडव्याला सांगलीत घरी आणली ती मुख्यतः या उंचीसाठी. आईचे वय पंचाहत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. जुन्या गाडीत बसताना तिला खाली बुडावे लागे आणि उतरताना दोघांनी हात द्यावा लागे. नव्या गाडीची बैठक तिच्या कमरेच्या पातळीवर येते. ती टेकते, पाय आत घेते, झाले. क्षेत्रदर्शनाला नेहमी ‘तुम्ही जाऊन या’ म्हणणारी आई त्या पाडव्यापासून पिशवी भरून दारात उभी राहू लागली.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याने सर्वांत महागडा प्रकार पुढे केला होता. त्यात सुकाणूचक्रावर कातडे मढवलेले होते. आम्ही एक पायरी खाली उतरून कापडी आसनांची गाडी घेतली आणि चक्रही साधेच ठेवले. कातडे खरे की कृत्रिम, याचे उत्तर प्रत्येक वेळी लेखी मागून घ्यावे, असे मी समाजबांधवांना सुचवीन. तोंडी उत्तरे दर आठवड्याला बदलतात. कापडी आसनांचा त्रास वेगळा. आमचा व्यवसाय हळदीचा. फाल्गुनात नवी हळद आली की नमुन्याच्या पिशव्या गणपती पेठेतून मार्केट यार्डात आणि यार्डातून घरी फिरत राहतात. मागच्या आसनावर एक पिवळा डाग पडला आहे, तो आता गाडीबरोबरच जाईल.

रोजच्या वापराचे थोडक्यात सांगतो. पेठेच्या गर्दीत आखूड लांबी उपकारक ठरते. तीन सिलिंडरचे इंजिन जागेवर उभे असताना थरथरते आणि ती थरथर आईच्या चष्म्याला जाणवते. गावात लिटरला बारा-तेरा किलोमीटर पडतात, महामार्गावर सतरा. मागच्या आसनावर तिघे बसतात असे कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात मधला माणूस अंग चोरून बसतो. आमच्याकडे तो मान कन्येचा.

पौषात कुंभोजच्या बाहुबलीला दोनदा जाणे झाले. तासाभराचा रस्ता. अठ्ठावीस फुटी बाहुबलींच्या शुभ्र मूर्तीपुढे आई तासभर बसली. निपाणीजवळ तवंदी घाटात स्तवनिधीलाही जाऊन आलो. पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढताना गाडी एक गिअर खाली मागते, एवढेच.

खरा प्रवास कुंथलगिरीचा. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचे हे निर्वाणक्षेत्र. येथेच आचार्य शांतिसागर महाराजांनी 18 सप्टेंबर 1955 रोजी सल्लेखनापूर्वक देह ठेवला. सांगलीहून मिरज, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असे सुमारे अडीचशे किलोमीटर. पहाटे निघालो. सांगोल्यापुढे सूर्य वर आला. रस्ता सारखा पूर्वेकडे आणि ईशान्येकडे जातो, म्हणून ऊन थेट चालकाच्या डोळ्यांत येते. काचेवर थोडी धूळ असली की पुढचे सगळे पांढरे होऊन जाते. चिरंजीव गाडी चालवत होता.

कुर्डुवाडीच्या पुढे साडेआठच्या सुमारास उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर पुढे आला. बाहेर लोंबणाऱ्या उसामुळे रस्त्याची एक बाजू भरून गेली होती आणि तो अगदी पावलापावलाने चालला होता. चिरंजीवाने ओलांडण्यासाठी दिवा दिला. डाव्या पुढच्या आसनावरून, ट्रॉलीच्या कडेने, आईला काहीतरी दिसले.

“थांब बाळा. पुढे पिंछी आहे.”

ट्रॅक्टरच्या पुढे, रस्त्याच्या डाव्या कडेने, एक मुनिमहाराज आणि दोन आर्यिका माताजी अनवाणी चालल्या होत्या. मागे पांढऱ्या वस्त्रांतील चार श्रावक. ट्रॅक्टरवाला त्यांना ओलांडू शकत होता. समोरून येणाऱ्या मालमोटारींमुळे त्याने तसे केले नाही आणि मागून येणाऱ्यांनाही करू दिले नाही. तो आमच्या समाजाचा नव्हता. पुढे रस्ता रुंद झाल्यावर त्याने हात दाखवून आम्हाला वाट दिली आणि कारखान्याकडे वळला.

आम्ही उतरून नमोस्तु केले. आई म्हणाली, मी थोडी चालते. ती माताजींच्या मागे चालू लागली आणि तिच्या मागे आम्ही पहिल्या गिअरमध्ये, चारही दिवे लुकलुकत ठेवून. ताशी चार किलोमीटर ही गती या यंत्राला सोसत नाही. क्लच तापला, सरासरीचा आकडा डोळ्यांदेखत घसरला, मागचे लोक भोंगे वाजवत राहिले. आई पाऊण किलोमीटर चालली. गुडघ्यांचे नाव तिने काढले नाही.

त्या दिवसापासून या गाडीकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. ताशी ऐंशीच्या वेगाने ती सेकंदाला बावीस मीटर जाते. चालकाला समोरचे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे तेहतीस मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी तीस-पस्तीस मीटर हवेत. काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब छप्पर तोलण्यासाठी जाड केलेले असतात आणि वळणावर उभा माणूस त्यांच्याआड लपू शकतो. उंच नाकाची गाडी धडकली तर घाव पायांऐवजी कमरेवर आणि छातीवर बसतो. ज्या उंचीने आईला बसणे सोपे केले, तीच उंची रस्त्यावरच्या माणसाला महाग पडते. विहारात साधू-साध्वींना वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, निषेधसभा घेतो, निवेदने देतो. त्या वाहनांत आपलीही वाहने असू शकतात, हे सभेत कोणी बोलत नाही.

याला आपल्याच आचाराचा एक धागा आहे, त्याचा विचार व्हावा असे वाटते. आपल्याला सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असते. हिवाळ्यात सहाच्या आसपास दिवस मावळतो, म्हणून साडेचारनंतर क्षेत्रावरच्या भोजनशाळेत पोहोचण्यासाठी आपल्या गाड्या धावू लागतात. नेमक्या त्याच वेळी संघही दिवस असेतोवर मुक्काम गाठण्यासाठी रस्त्याच्या कडेने चालत असतो. एकाच सूर्याशी दोघांची शर्यत, आणि एकाच्या हाती हजार-बाराशे किलोंचे लोखंड. आचार्य शांतिसागर महाराजांचा संघ 1927 मध्ये दक्षिणेतून सम्मेदशिखरजीकडे पायी निघाला, तेव्हा रस्त्यांवर बैलगाड्या होत्या. चालणाऱ्याची गती तेव्हाची आहे, आपली बदलली.

आमच्या घरी याचा निकाल डब्याने लागला. दशम्या, मेतकूट आणि गाळून उकळलेले पाणी गाडीत सोबत असते. साडेचारला जेथे असू तेथे झाडाखाली गाडी उभी करून जेवतो. मग पुढचा रस्ता कितीही हळू चालला तरी हरकत नसते. चिरंजीवाला हा प्रकार सुरुवातीला ओशाळवाणा वाटला. माळशिरसजवळ एका बाभळीखाली दुसऱ्याही जैन कुटुंबाची गाडी उभी दिसली आणि त्यांच्याकडे मुगाचे लाडू होते, तेव्हापासून तो काही बोलत नाही.

मृगाचा पाऊस पडल्यावर रात्रीचा प्रवासही सुटला. पहिल्या सरीनंतर दिव्यांच्या झोतात पतंग एवढे येतात की तासाभरात काच आणि जाळी भरून जाते. एका सकाळी कन्या ती जाळी पुसायला गेली आणि ओले फडके हातात घेऊन तशीच उभी राहिली. आता अगदीच निकड असल्याखेरीज अंधार पडल्यावर गाडी बाहेर निघत नाही. आषाढात संघांचे वर्षायोग स्थापन झाले आणि रस्ते मुनिविहारातून मोकळे झाले. आमची गाडीही बरीचशी पेठेपुरती उरली.

मागच्या सामानकप्प्यात, पूजेच्या धोतरांच्या पिशवीपासून वेगळे, चार चकाकणारी जाकिटे आणि एक लुकलुकणारा लाल दिवा कायमचा ठेवला आहे. विहारात संघाबरोबर चालणारे श्रावक भेटले आणि त्यांच्याकडे जाकिटे नसली, तर देता यावीत म्हणून. वैशाखात दोन दिली, तेवढीच पुन्हा आणून ठेवली. आपल्या दप्तराला आता जागा उरत नाही, अशी कन्येची तक्रार आहे आणि कप्प्याचे माप पाहता ती खरी आहे.