कुळाचे देणे

तंजावुरास बदली होऊन आलेला मराठी माणूस आधी बृहदीश्वराच्या देवळात जातो, आणि सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसलेकुळाचा इतिहास वाचून त्याची छाती थोडी फुगतेच. माझीही फुगली. परंतु कुळातून जे उतरते ते सगळेच दगडावर कोरले जात नाही.

माझ्या कचेरीत एक तंजावरी मराठी गृहस्थ आहेत. त्यांची दोन मुले वर्ष भरण्याआधीच गेली; पहिले न्यूमोनियाने, दुसरे न थांबणाऱ्या जुलाबाने. पत्नी त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. मामाभाचीच्या या दाक्षिणात्य रीतीला आपण नाक मुरडू नये. मामेबहीण करण्याची चाल आपल्या देशावरही आहेच. सासू म्हणजे त्या मुलीची आजीच. पण पायगुणाचा बोल तिनेच नातीला लावला.

दुसऱ्या मुलाच्या रक्ततपासणीत अडेनोसीन डिअमिनेज या एन्झाइमचा अभाव आढळला. १९७२ साली सिअॅटलच्या एलोईज गिब्लेट यांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्या दोन मुलींत तो प्रथम दाखवून दिला. या एन्झाइमचे काम घरगड्याचे, पेशीतील टाकाऊ द्रव्य निकामी करण्याचे. तो नसला की साचलेल्या द्रव्याचे विष होते आणि लिम्फोसाइट या रक्षक पेशींना नवा डीएनए रचता येत नाही, त्या मरतात. बिघाड चयापचयाचा, आणि ओस पडतो तो किल्ला. बीसीजीची लससुद्धा, जिवंत जंतूंची असल्याने, अशा बालकाला घातक ठरू शकते.

चरकसंहितेने बीजदोषातून आलेल्या कुलज विकारांना असाध्य म्हटले. या रोगापुरता तो शब्द आता खरा नाही: जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा, एन्झाइमची इंजेक्शने, आणि १९९० मध्ये अमेरिकेत प्रथम झालेला जनुकोपचार. मात्र निदान वेळेत व्हावे लागते.

डॉक्टरांचे म्हणणे आईला मराठीत सांगावे, अशी त्या गृहस्थांनी मला गळ घातली. मी म्हणालो, "आजी, दोष विसाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात आहे. आईकडची आणि बापाकडची, दोन्ही प्रती सदोष असल्या तरच मूल आजारी पडते. या दोघांतही एकेक आहे. प्रत्येक खेपेला चारांत एक धोका. ती प्रत बहुधा तुमच्याकडून किंवा यजमानांकडून, मुलाच्या वाटेने आणि मुलीच्या वाटेने, पणतवंडापर्यंत आली."

"माझी पाचही मुले जगली की!"

"एक प्रत चांगली असली तर काहीच होत नाही."

म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग तिने आत हाक मारली, ती नातीच्या लहानपणच्या नावाने.

तिसरा महिना लागला आहे. गर्भपरीक्षेसाठी दोघे चेन्नईस निघाली आहेत, आणि सोबत आजीही जाते आहे.