दोन्ही पाण्यांचा जिताडा

जिताडा गोड्या पाण्यात जगतो आणि खाऱ्यातही, हे आमच्या रायगडच्या खाडीकाठचं लहान पोरही सांगेल. मामूंच्या खारजमिनीतल्या तळ्यात मी तो लहानपणापासून पाहत आलोय. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं धरून आणायची, तळ्यात सोडायची आणि दीड-दोन वर्षांनी घरात लग्नकार्य निघालं की जाळं टाकायचं.

पुढे खाडीत पिल्लं मिळेनाशी झाली. जिताड्याचं बीज आता हॅचरीतही तयार होतं. चेन्नईच्या ‘सिबा’ या केंद्रीय संस्थेने १९९७ साली त्याचं प्रजनन करून दाखवलं. तेव्हा मीच मामूंना म्हणालो, "बीज विकत आणू." जानेवारीत पाचशे पिल्लं आली, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत. पहाटे तळ्यावर पोहोचलो, पिशव्या फोडल्या आणि पिल्लं थेट पाण्यात सोडली. संध्याकाळपर्यंत निम्मी पांढरं पोट वर करून तरंगत होती.

पिशवीला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘खारटपणा हळूहळू कमी करावा.’ मुलांना रोज "आधी प्रश्न नीट वाचा" असं सांगणाऱ्या मी ती वाचली नव्हती.

मग वाचायला बसलो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलटं. पाणी आपोआप अंगात शिरतं, मूत्रपिंडं ते सतत बाहेर काढत राहतात आणि कल्ले पाण्यातलं थोडंथोडकं मीठ आत खेचतात. म्हणजे तेच कल्ले, पण काम नेमकं उलटं. जिताड्याला दोन्ही कामं येतात. पण एकातून दुसऱ्यात जायला कल्ल्यांतल्या पेशी बदलाव्या लागतात, आणि त्याला दिवस लागतात. खाडीतली पिल्लं पावसाळ्यात पाणी गोडं होत जाईल तशी स्वतःच्या चालीने वर सरकत. आम्ही त्यांना एका क्षणात पार करायला लावलं, तेही ऐन थंडीत.

थंडीचं गणित वेगळंच. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं गरम, तेवढं त्याचं शरीर चालतं. जिताड्याला २६ ते ३० अंश मानवतात. त्याखाली भूक मंदावते आणि २० च्या आसपास खाणं जवळजवळ थांबतं. वाचलेली पिल्लं खात नाहीत म्हणून मामू जास्तच खाद्य टाकत होते. ते तळाशी कुजत होतं आणि पाण्यातला प्राणवायू खात होतं. मे महिन्यात उलट अडचण. गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यात तो मावतो मात्र कमी: गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात.

वाढ म्हणजे तरी काय? खाल्लेल्यातून श्वास, मीठ-पाण्याचा तोल आणि हालचाल यांचा खर्च भागला की जे उरतं, ते अंगाला लागतं. तोल सांभाळण्यातच सगळं गेलं तर मासा जगतो, पण वाढत नाही.

हे वाचताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात पहिला यायचा. "मराठी माध्यमात टाका, त्याला दोन्ही भाषा येतात," असं त्याच्या अब्बांना मीच सांगितलं होतं. आठवीत तो मुका झाला. विज्ञानात जेमतेम पास. मी त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हणालो होतो. दोन्ही भाषा येतात, हे खरंच होतं. पण ‘दाब’ आणि ‘घनता’ हे शब्द मनातल्या मनात उलटवण्यातच त्याचा तास संपत होता, धड्यासाठी काही उरतच नव्हतं.

पुढच्या खेपेला बीज आम्ही मार्चमध्ये आणलं. पिशव्या आधी तशाच तळ्यात तरंगत ठेवल्या. मग पिल्लं खाडीचं पाणी भरलेल्या टाकीत सोडली आणि आठवडाभर रोज त्यात थोडं थोडं गोडं पाणी मिसळत गेलो. मामूंना हा पोरखेळ वाटत होता. शेवटच्या दिवशी तळ्यात सोडलेली पिल्लं पाण्यात दिसेनाशी झाली, तेव्हा ते बांधावर बराच वेळ बसून राहिले. म्हणाले, "मास्तर, घाई आपल्याला होती. त्यांना नव्हती."

त्या मुलाची मी माफी मागितली. आता आठवीत असं कुणी आलं की पहिले काही महिने वहीत उर्दूत लिहिलेलं उत्तरही मी तपासतो. वर्गात आवाज यायला साधारण दिवाळी उजाडते. तोवर मी थांबतो.