वर्ज्य पंचम

घरात बसून संगीत ऐकण्याचा ज्यांना नाद आहे, अशा मंडळींचे द्रव्य कोणत्या क्रमाने खर्ची पडते याची कोणी रुजवात घातली, तर असे आढळेल की आधी स्पीकर येतात, मागाहून अ‍ॅम्प्लिफायर येतो, त्यामागून तबकडीचे यंत्र येते; आणि एवढा सारा सरंजाम मनाजोगता जमून, आता स्वस्थ बसून ऐकायचे तेवढे उरले, अशा वेळी गृहस्थाची दृष्टी भिंतीतून निघून यंत्राच्या पाठीशी जाणाऱ्या त्या काळ्या, निमूट वायरीवर स्थिरावते आणि त्याच्या चित्तात संशय शिरतो. हा पाहुणा एकदा आला की त्याला बिऱ्हाड सोडायला लावणे कठीण! त्याच्या समाधानार्थ बाजारात कापडी वेणी घातलेल्या जाडजूड केबली आणि सोन्याचे पाणी दिलेल्या पिना हारीने मांडलेल्या असतात, आणि “काका, ही एकदा लावून तर बघा, आवाज कसा मोकळा होतो,” असे सांगणारा विक्रेताही तेथे हजर असतो.

माझे मत असे की तारेने आपल्या पदरचे काही घालू नये, हाच तिचा धर्म. आणि हा धर्म साधी वायरही इमानेइतबारे पाळते. हिशेबच मांडायचा तर दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या दीड मीटर वायरीचा रोध, जाण्यायेण्याच्या दोन्ही तारा धरून, सुमारे ०.०३५ ओहम भरतो. अ‍ॅम्प्लिफायर एक अँपिअर प्रवाह ओढतो असे मानले, तरी २३० व्होल्टांतून दहा हजारांत जेमतेम दीड भागाची कसर लागते, आणि त्याच २३० व्होल्टांना शेकडा सहा वरखाली होण्याची मुभा खुद्द नियमांनीच दिलेली आहे. पोफळीच्या भूगर्भातील वीजगृहातून सह्याद्रीची चढउतार करीत आलेल्या विजेवर शेवटच्या दीड मीटरात कोणता संस्कार व्हायचा राहिला, असा जो प्रश्न थट्टेने विचारला जातो, तो मात्र मला अर्धाच खरा वाटतो. कारण उपद्रव बहुधा शेवटी, घरातच, फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून, एलईडी दिव्यांपासून आणि मोबाइलच्या चार्जरपासून विजेत मिसळतो. जाड तांबे तोही उपद्रव तितक्याच निष्ठेने वाहून नेते, एवढीच गोम.

सोन्याचेही तसेच. वाहकतेत पहिला मान चांदीचा, दुसरा तांब्याचा, सोने तिसरे. त्याचा गुण एवढाच की ते पावसाळ्यातल्या दमट हवेत काळवंडत नाही. जोडाच्या जागी हा गुण थोडा नव्हे, परंतु भिंतीतल्या सॉकेटची पितळी पाती सैल पडून काळी झाली असतील, तर त्यांच्यात सोन्याची पीन खोचून काय साधणार?

म्हणून केबलीपेक्षा प्लग निरखून घ्यावा, आणि तोही उघडून. पुण्याच्या तपकीर गल्लीत आयएसआय शिक्क्याची तीन कोअरची लवचीक वायर आणि जड पितळी पिनांचा प्लग माफक दामात मिळतो. आपल्याकडच्या प्लगाची वरची पीन इतर दोघींहून लांब आणि जाड असते, ती उगीच नव्हे. ती भिंतीत सर्वांच्या आधी शिरते आणि सर्वांच्या शेवटी बाहेर पडते, जेणेकरून यंत्राला वीज मिळण्यापूर्वीच त्याचा सांगाडा पृथ्वीशी जोडलेला असावा. जाणता वायरमन आतली हिरवी-पिवळी तारही बोटभर लांब आणि सैल ठेवतो, कारण केबलीला हिसका बसलाच तर फेज आणि न्यूट्रल आधी सुटाव्यात, अर्थ शेवटी सुटावी. तारांची टोके सोल्डर करून स्क्रूखाली दाबण्याची हौस काहींना असते. पण सोल्डर मऊ पडले, ते दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही महिन्यांत स्क्रू ढिला होतो.

या सर्व बंदोबस्ताचे संगीतात काय होते, ते पाहण्यासाठी काळी एकमध्ये लागलेला तंबोरा घ्यावा. त्याचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, खर्ज सत्तरीच्या किंचित अलीकडचा, आणि पहिली तार पंचमात मिळवली तर ती १०४च्या आसपास. आता आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि अर्थिंगमधल्या दोषाने तिची गुणगुण स्पीकरमध्ये उतरली की ५०च्या जोडीला १००चा स्वरही येतो; लहान स्पीकरातून तर तोच अधिक ऐकू येतो. हा १०० म्हणजे ना पंचम, ना तीव्र मध्यम. दोहोंच्या मध्ये कोठेतरी घुटमळणारा, पंचमाच्या तारेशी सेकंदाला चार हेलकावे खाणारा एक बेसूर स्वर. आणि मारवा लावला असेल तर अनर्थ याहून मोठा. त्या रागात पंचम वर्ज्य. तंबोऱ्याची पहिली तार तेथे बहुधा निषादात मिळवतात. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्या आधाराने गवई सायंकाळची ती सारी हुरहूर उभी करतो, आणि षड्जसुद्धा कितीतरी वेळ हातचा राखून ठेवतो. एवढ्या कसोशीने जो शेजार टाळला, त्याच्या अगदी उंबऱ्याशी वीजकंपनीचा हा स्वर अहोरात्र येऊन बसतो, हा राग-नियमांचा उघड भंग होय!

त्याची तहकीकात करू जाता बहुधा असे निष्पन्न होते की अ‍ॅम्प्लिफायर एका बोर्डावर आहे, संगणक दुसऱ्यावर, किंवा गच्चीवरून उतरलेली टीव्हीची केबल तिसऱ्याच ठिकाणी पृथ्वीला टेकली आहे. या निरनिराळ्या अर्थांमध्ये काही मिलिव्होल्टांचा फरक असतो आणि त्यामुळे संकेत वाहणाऱ्या तारेच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो. तबकडीच्या सुईतून येणारा संकेतच मुळी पाचएक मिलिव्होल्टांचा असतो, हे ध्यानात घेता या राज्यात ती रक्कम क्षुल्लक नव्हे. सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून जोडली की बहुतेक तंटा तेथेच मिटतो. तिसरी पीन कापून टाकण्याचा किंवा तिला चिकटपट्टी गुंडाळण्याचा उपाय काही जाणकार म्हणवणारेही सुचवतात, आणि त्याने गुणगुण थांबतेही. मात्र आत एखादी तार सुटून सांगाड्याला लागली, तर ती वीज पृथ्वीऐवजी ऐकणाऱ्याच्या हातून जाईल. ज्या यंत्रांच्या पाठीवर चौकोनात चौकोन काढलेला असतो, त्यांना तिसरी पीन मुळातच लागत नाही. त्यांच्या वायरीचे तोंड बहुधा इंग्रजी आठाच्या आकाराचे असते, आणि ती आपली जबाबदारी दुहेरी आवरणावर सोपवून मोकळी असतात.

उरला प्रश्न खुद्द पृथ्वीचा. जुन्या इमारतींच्या आवारात कोळसा आणि मीठ घालून पुरलेली अर्थिंगची पट्टी उन्हाळ्यात कोरडी पडते, आणि मग यंत्राच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीकडे मी त्याबाबत रीतसर अर्ज गुदरला, आणि बरीच भवति न भवति होऊन, चैत्र-वैशाखात त्या खड्ड्यात दर आठवड्यास बादलीभर पाणी घालावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. कारणाच्या रकान्यात ‘रहिवाशांची सुरक्षितता’ असे नमूद आहे, आणि ते खरेही आहे. मारव्याचा उल्लेख मी मुद्दामच केला नाही.