भाकरी अडते, श्रीखंड उतरतं

माझं वजन 121 किलो, उंची 1.70 मीटर. वजनाला उंचीच्या वर्गानं भागलं की 41.9 येतात. पुण्याच्या डॉक्टरांनी मोबाइलवर हे गणित करून दाखवलं आणि म्हणाले, "हा तुमचा बीएमआय." मी मान हलवली. छापखान्यात माझा जन्म गेला, कागदाचा जीएसएम मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन; पण स्वतःच्या देहालाही असा काही आकडा असतो, हे सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

कोल्हापूरहून निघताना डोक्यात एकच गोष्ट पक्की होती : रिंग. माझ्या चुलतभावानं, दादानं, 2009 मध्ये न्यू जर्सीत ती बसवून घेतली होती. पुढच्याच वर्षी तो गावी आला तेव्हा काकूंनीसुद्धा त्याला दारात क्षणभर ओळखलं नव्हतं. त्यानं मला तेव्हा सांगितलं होतं, "अरे, कापाकापी काही नाही. वर एक सिलिकॉनचं कडं बसवतात. नको झालं तर काढून टाकायचं." हे 'नको झालं तर काढून टाकायचं' मला फार भावलं होतं. मधुमेह, बीपी, रात्री घोरता घोरता मध्येच बंद पडणारा श्वास, एवढं सगळं असूनही ऑपरेशन म्हटलं की पोटात गोळा येणाऱ्या माणसाला परतीचं तिकीट हातात असलेलं बरं वाटतं.

डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून तसलंच एक कडं काढून माझ्या हातात दिलं. पांढरट, मऊ, बोटांनी सहज वाकणारं. त्याला एक बारीक नळी, नळीच्या टोकाला एक गोल टणक चकती, तिला पोर्ट म्हणतात. कडं दुर्बिणीतून जठराच्या वरच्या भागाभोवती बसवायचं, बटव्याची नाडी आवळावी तसं. वर उरते एक इवलीशी पिशवी, 15 ते 30 मिलिलिटरची, म्हणजे मोठा चमचाभर, फार तर दोन चमचे. ती लगेच भरते आणि माणसाला पोट भरल्यासारखं वाटतं. पोर्ट कातडीखाली ठेवतात. त्यात सुईनं सलाइन भरलं की कडं घट्ट होतं, काढलं की सैल. सुईसुद्धा साधी चालत नाही. पोर्टचा पडदा कुरतडला जाऊ नये म्हणून खास टोकाची लागते.

"मग कधी बसवायचं?" मी विचारलं.

"बँड आम्ही आता बसवत नाही," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे बँडवाले येतात ते काढून घ्यायला."

मी त्या कड्याकडे पाहत राहिलो. एवढ्या लांबून आलो ते ज्याच्यासाठी, ते दुकानात नव्हतंच.

मग त्यांनी थोडा इतिहास सांगितला. लुबोमिर कुझमाक नावाच्या, मूळच्या युक्रेनी, अमेरिकेत स्थायिक झालेल्या सर्जननं 1980 च्या दशकात हे सैल-घट्ट करता येणारं कडं आणलं. 1993 मध्ये बेल्जियममध्ये ते पहिल्यांदा दुर्बिणीतून बसवलं गेलं, 2001 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं मान्यता दिली आणि मग धडाकाच लागला. न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनीही 2013 मध्ये हेच करून घेतलं. पण तोवर वारं फिरायला लागलं होतं. अमेरिकेत 2011 मध्ये वजनाच्या दर शंभर ऑपरेशनांत पस्तीसच्या आसपास बँड असायचे. 2019 मध्ये जेमतेम एक.

असं का झालं, हे डॉक्टर समजावून सांगत होते आणि मला मात्र काकूंच्या घरचं एक जेवण आठवत होतं.

दादा आला म्हणून मटणाचा बेत होता. तांबडा, पांढरा, सुकं, ज्वारीची भाकरी. दादानं नखाएवढा तुकडा मोडला, बराच वेळ चावला, गिळला. दुसरा घास घेतला. तिसऱ्याला तो थांबला. चेहरा ताठ झाला, हात छातीच्या मध्यावर गेला. कुणाशी काही न बोलता उठून मागच्या मोरीपाशी गेला. मी पाठोपाठ गेलो तर तो वाकून उभा, तोंडातून फेसाळ लाळ गळतेय, थांबतच नाहीये. "अडकलं रे," एवढंच म्हणाला. काही वेळानं तो घास जसाच्या तसा बाहेर आला. तोंड धुऊन दादा पाटावर येऊन बसला, पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या प्यायला आणि त्यावर वाटीभर श्रीखंड. काकू खूश. "बघ, गोडाला नाही म्हणाला नाही."

डॉक्टरांचं म्हणणं नेमकं हेच होतं. कड्याला चव कळत नाही. त्याच्यातून काय जातं हे फक्त पदार्थाच्या जाडीवर ठरतं. भाकरी, पोळी, चिकट भात, तंतूंचं मटण, म्हणजे ज्याला चावायला लागतं आणि जे पोटात टिकतं, ते अडतं. श्रीखंड, आमरस, आइस्क्रीम, बासुंदी बिनबोभाट उतरतात. सारखं अडकायला लागलं की माणूस नकळत उतरणाऱ्या गोष्टींकडे वळतो आणि वजन पुन्हा चढायला लागतं. कडं माणसाला कमी खायला लावतं खरं, पण नको ते खायला शिकवतं. आमच्या जेवणात तर विचारूच नका. सणाला जे जे करतो त्यातलं निम्मं पातळ आणि गोड.

बाकीचे धोके ऐकून तर मी खुर्चीत सावरून बसलो. खालचं जठर कड्यातून वर सरकतं, मग पाणीही उतरत नाही आणि धावपळ करावी लागते. कडं हळूहळू जठराच्या भिंतीत रुतत आत शिरतं. नळी गळते. पोर्ट उलटा होतो किंवा तिथे पू होतो. वर साचत राहिल्यानं अन्ननलिका फुगते. यातलं बरंचसं पहिल्या वर्षात होत नाही, पाच-दहा वर्षांनी समोर येतं. ऑपरेशनच्या दिवसाचा धोका पाहिला तर या सगळ्या प्रकारांत बँडचाच सगळ्यांत कमी. मी तेवढाच एक दिवस मोजत होतो. दादाचं कडं सरकलं आणि ते काढावं लागलं. काढता येतं, हे त्यानं सांगितलं होतं ते खरंच होतं. काढल्यावर वजन परत येतं, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नसावं.

आणि ते सैल-घट्ट करण्याचं कौतुक. त्याचा अर्थ असा, की सुई टोचणारा जाणकार माणूस जन्मभर हाताशी हवा. दादा गावी असताना कडं घट्ट वाटायला लागलं तेव्हा आम्ही कोल्हापुरात फोन करून करून थकलो होतो. शेवटी बिचाऱ्यानं सुट्टी संपेपर्यंत ताकावर आणि सारावर दिवस काढले.

"मग मी काय करायचं?" मी विचारलं. इथून पुढे माझा खरा गोंधळ सुरू झाला.

एक स्लीव्ह. त्यात जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच कापून काढून टाकतात, उरते लांबट नळी. कापलेल्या भागातच भुकेचं एक संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून नुसती जागा कमी होत नाही, भूकही मंदावते. दुसरं बायपास. जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. मधुमेहाला हे विशेष मानवतं. दोन्हींत टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी हे धोके. दोन्हींत बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. वजन झपाट्यानं उतरलं की पित्ताचे खडे होतात, त्याची गोळी निराळी. बायपासनंतर दारू पटकन चढते, असंही डॉक्टरांनी सांगितलं आणि बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

मी आकडे मागितले. स्वीडनमध्ये 1987 पासून हजारो माणसांवर लक्ष ठेवणारा एक अभ्यास चालला. दहा वर्षांनंतर बायपासवाल्यांचं वजन मूळच्या साधारण 25 टक्के कमी राहिलं होतं, बँडवाल्यांचं 14 टक्क्यांच्या आसपास. नुसत्या सल्ल्यावर राहिलेले होते तिथेच होते. शिवाय सगळे ऑपरेशनवाले मिळून त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा जवळपास पाव हिश्शानं कमी. म्हणजे ऑपरेशन न करणं हाही बिनधोक रस्ता नाही. हे मात्र आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सल्ला एकच, "जरा तोंड आवर." देणारा बहुतेक मिसळीच्या टेबलावर समोर बसलेला असतो.

गावी परत आलो तर बातमी आधीच पोचलेली. एक म्हणाला, गडकरींनी 2011 मध्ये ऑपरेशन करून घेतलं की, बघ कसे फिरतात. दुसरा म्हणाला, त्याच्या साडूच्या ओळखीत एकजण गेला. तिसऱ्यानं इंजेक्शनचं काढलं. मार्च 2025 मध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही, तेव्हापासून कट्ट्यावर प्रत्येकजण अर्धा डॉक्टर झालाय. तेही मी पुण्यात विचारलं होतं. गुण येतो, पण बंद केलं की बरंचसं वजन परत येतं आणि खर्च दर महिन्याचा. आईनं तर सरळ मिठाची गुळणी धरली. तिला वाटतं, जेवण कमी करायला पोट कापून घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मी मनात स्लीव्हवर येऊन ठेपलो होतो. परतीचं तिकीट नाही, पण शरीरात कड्यासारखं परकं काही राहत नाही आणि सुईवाला शोधत फिरायला नको. तेवढ्यात एंडोस्कोपी झाली. जठराचा थोडा भाग छातीत सरकलेला निघाला. रात्री घशाशी आंबट येतं ते त्यामुळे. स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो, तेव्हा तुमच्या बाबतीत बायपासचा विचार करू, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगळ्यांत सोपं म्हणून जे मागायला गेलो, त्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन पोचलो. आता झोपेची तपासणी, मग मानसोपचारतज्ज्ञांची भेट, मग ऑपरेशनआधी यकृत आक्रसावं म्हणून दोन आठवडे जवळजवळ उपासाचा आहार. तारीख अजून दिलेली नाही आणि मीही मागितलेली नाही.

विमा कंपनीचं पत्र मात्र आलंय. डॉक्टरांच्या संघटनांनी 2022 मध्ये आशियाई माणसांसाठी 27.5 बीएमआयपासूनच ऑपरेशनचा विचार करा असं म्हटलंय; विम्याला 40 लागतो, किंवा 35 आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा गंभीर त्रास यांपैकी काहीतरी. माझा 41.9 पहिल्यांदा कामी आला. डॉक्टर म्हणतात, तोवर पाच-सहा किलो उतरवा. 115 वर आलो की 39.8 होतात, हे गणित मी आता स्वतःच करतो, आणि मग मधुमेहाचे कागद पुढे करावे लागतील. शिवाय कंपनीला हवाय साध्या उपायांनी वजन उतरलं नाही याचा पुरावा. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या सापडल्या. जिमची वर्षभराच्या फीची पावतीही सापडली. हजेरीचा कागद त्यांनी मागू नये म्हणजे झालं.