कागदाच्या निमित्ताने

१४ जुलै २०२४, रविवार
ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आमच्या माजी सैनिकांच्या रविवारच्या बैठकीला आज सतरंजी कमी पडली. पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवर गेल्यापासून प्रत्येक माजी सैनिकाचं काही ना काही अडलेलं आहे. कुणाचा पासवर्ड लॉक, कुणाच्या पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, जन्मतारीख वेगळी. सगळ्यात मोठी भानगड बायकोच्या नावाची. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. पलटणीत लग्नाच्या नोंदीची पार्ट टू ऑर्डर निघताना कुणी माहेरचं नाव लिहून दिलं आणि आधारवर सासरचं आलं. माणूस हयात आहे तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शनसाठी त्या माउलीला सिद्ध करत बसावं लागतं की मीच त्याची बायको. म्हणून जो येईल त्याचं डिस्चार्ज बुक आम्ही आधी उघडायला लावतो.

आज एक नवीन नाईक आला. काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सची दोन टेन्युअर करून मार्चमध्ये पेन्शन आला. वय छत्तीस. बँकेत गार्डची नोकरी बघतोय, बंदुकीच्या परवान्याचा फॉर्म भरायचा होता. फॉर्म भरून झाला तरी उठेना. पेनाचं टोपण काढायचा, लावायचा. खोली रिकामी झाल्यावर म्हणाला, "मेजर, तुम्हाला सुरुवातीला झोप लागायची का?"

म्हटलं, "नाही लागायची. बरेच महिने नाही लागली."

त्याने मान हलवली आणि गेला. पण पुढच्या रविवारी येणार, हे मला ठाऊक आहे. "मला त्रास होतोय" एवढंच सांगायला फौजी कुणाच्या दारात उभा राहत नाही. परवान्याचा फॉर्म घेऊन मात्र येतो. म्हणून आमच्याकडे फॉर्म भरण्याची घाई करायची नाही, असं आम्ही जुन्यांनी ठरवून टाकलं आहे.

२६ जुलै, शुक्रवार
कारगिलला पंचवीस वर्षं झाली. सकाळी शाळेत सत्कार झाला. भाषणांत टोलोलिंग आलं, टायगर हिल आलं. त्या लढाईत आमच्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले, हेही कुणीतरी सांगितलं. त्यातले काही आमच्या बोफोर्सचे. माझा डावा कान तेव्हापासून नीट चालत नाही.

आमच्याच रेजिमेंटच्या एकाची त्याहून वाईट गत होती. सूनबाईने हाक मारली तर हा ढिम्म. ती समजायची, मामंजींना राग आहे. घरात अबोला. अखेर त्याला ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये नेलं, कानाची तपासणी झाली, मशीन मिळालं. मशीन लावून घरी आला तर म्हणे, भांड्यांचा एवढा आवाज होतो हे माहीतच नव्हतं. घर फुटायची वेळ आली होती, ती ऐकू येत नव्हतं म्हणून, आणि हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

दुपारी अपशिंगे मिलिटरीला जाऊन आलो. गावच्या नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक आहे. हात जोडले. मनात दरवेळी येतं ते आजही आलं: जे परत आले, ते पुढे कसे जगले? मेसोपोटेमिया, फ्रान्स बघून आलेली माणसं नांगराला कशी लागली, रात्री दचकून उठली तर त्यांच्याजवळ कोण बसलं? हे कोणत्याच दगडावर लिहीत नाहीत.

११ ऑगस्ट, रविवार
नाईकाच्या घरी गेलो, सौ.ला बरोबर घेऊन. ती आणि नाईकाची बायको स्वयंपाकघरात बसल्या. परतीच्या वाटेत सौ.ने सगळं सांगितलं. पोरं शाळेतून जरा उशिरा आली की हा रस्त्यावर जाऊन उभा. रात्री उठून कड्या तपासतो. आणि घरात सगळ्यांना परेडसारखं फॉलिन करतो. ती बिचारी म्हणाली, "वहिनी, सतरा वर्षं बँक मी बघितली, शेत मी बघितलं, सासऱ्यांचं आजारपण काढलं. आता मीठ किती टाकायचं हेपण हे सांगणार?"

तिचं काय चुकलं? आपण सुट्टीवर येणारा पाहुणा होतो, घर तिचं होतं. घरच्या कारभारात पेन्शनर हा नवीन रिक्रूट असतो, आणि हे त्याला दुसऱ्या पेन्शनरनेच सांगावं लागतं. बायकोने सांगितलं तर भांडण होतं.

बाहेर ओट्यावर मी आणि आमचे सुभेदार साहेब त्याच्याशी बोललो. मनाच्या डॉक्टरकडे चल म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "गाव वेडा म्हणेल." तेव्हा साहेबांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली. "दोन वर्षं घेतोय मी. मला वेडा म्हणतं का कोण?" साहेबांना सेना मेडल आहे. माझ्या तासभराच्या समजुतीने झालं नसतं ते त्या पट्टीने झालं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही त्याच्या फोनमध्ये घालून दिला. चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं.

३० ऑगस्ट
खडकीला पॅराप्लेजिक सेंटरमध्ये जाऊन आलो. पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान इथे राहतात. पलंगावरून खुर्चीत कसं सरकायचं ते नवीन आलेल्याला एक जुना माणूस स्वतःच्या खुर्चीतून दाखवत होता. "हात इथे. वजन पुढे घे. आता." डॉक्टर शिकवतातच, पण ज्याचे पाय त्याच्यासारखेच गेलेत त्याने शिकवलं की पोरगा लाजत नाही.

येताना गाडीत पेटकरांचा विषय निघाला. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर, ६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, ७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण. आता सिनेमाही आलाय. पोरांना तो जरूर दाखवावा. मेजर डी. पी. सिंग यांचं कामही मला तितकंच मोठं वाटतं. कारगिलमध्ये पाय गमावला, कृत्रिम पायावर मॅरेथॉन पळाले आणि मग पाय गमावलेल्या दुसऱ्या माणसांना गोळा करून पळायला उभं केलं. पदक एकट्याच्या गळ्यात पडतं, हे काम मात्र हातोहात पुढे जातं.

१७ सप्टेंबर
विसर्जन. गावात डीजे आणि फटाक्यांच्या माळा. आमच्यातले चौघे जण दुपारीच माझ्या मळ्यात आले. पिठलं-भाकरी केली. कुणी कारण विचारलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
हयातीच्या दाखल्याचा महिना. ७१च्या लढाईतले एक आजोबा आले होते. फोन चेहऱ्यासमोर धरायचा, डोळे मिचकवायचे, की दाखला निघतो. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, फोन काही त्यांचे डोळे ओळखेना. नाईकाने त्यांना दाराशी उजेडात बसवलं, टोपी मागे सरकवली, "आजोबा, आता मिटा... उघडा." दाखला निघाला. नाईक गार्डच्या नोकरीला लागलाय. झोप अजून पुरती नाही, गोळ्या चालू आहेत. घरातला फॉलिन कमी झालाय, असं त्याच्या घरच्या वहिनी म्हणतात.

पाटणकडचा आमचा एक हवालदार दिवाळीपासून फोन उचलत नाही. मागे तो दारूवर होता, सुटली होती. सरळ गेलो तर दार उघडणार नाही. पण त्याच्या बायकोच्या नावाचं काम अर्धवट राहिलंय, ते बरं झालं. गुरुवारी सुभेदार साहेब आणि मी जातोय. बरोबर घ्यायचं: दोघांच्या आधारच्या प्रती, लग्नाचा दाखला, जॉइंट फोटो, प्रतिज्ञापत्राचा मसुदा. मुक्कामाची तयारी ठेवायची.