ठशावरून ताकद

पोलादाचे ताणबल, म्हणजे ते ओढले असता मूळ छेदाच्या दर चौरस मिलिमीटरमागे सोसू शकणारे कमाल ओझे, मोजायचे तर ठरावीक मापाचा नमुना कातून काढून तो तुटेपर्यंत ताणावा लागतो. तयार आसाचा असा बळी देणे परवडत नसल्याने कारखान्यात काठिण्यावर, म्हणजे कठीण वस्तूला आत रुतू न देण्याच्या धातूच्या गुणावर, भिस्त ठेवली जाते. स्वीडनचा अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल याने १९०० साली मांडलेली रीत आजही रुळलेली आहे: १० मिलिमीटर व्यासाची कठीण गोळी ३००० किलोग्रॅम भाराने, घासून सपाट केलेल्या पृष्ठभागावर दहा-पंधरा सेकंद दाबायची, उमटलेल्या खळग्याचा व्यास एकमेकांना काटकोनात दोनदा मोजायचा आणि भाराला खळग्याच्या वक्र क्षेत्रफळाने भागायचे. व्यास ४ मिलिमीटर भरला तर ब्रिनेल अंक २२९ येतो आणि त्याला ३.४५ने गुणले की ताणबल अंदाजे ७९० मेगापास्कल निघते. तोच व्यास ४.१ वाचला गेला तर अंक २१७वर उतरतो आणि हिशेबातून चाळीसेक मेगापास्कल नाहीसे होतात; खळग्याच्या काठाशी धातू किंचित फुगून वर आलेला असला की नेमकी कड कोणती हे ठरवताना सरावलेली नजरही चकते.

हा गुणाकार जुळतो, कारण दोन्ही चाचण्यांत धातूला परत न फिरणारा आकारबदल करायला लावले जाते. मात्र ताणल्या जाणाऱ्या नमुन्याला बाजूंनी आकसायला मोकळीक असते, तर गोळीखालचा धातू भोवतालच्या न हललेल्या धातूत कोंडलेला असतो, म्हणून त्याला वाहते करायला सुमारे तिप्पट दाब लागतो.

हे नाते साध्या कार्बन आणि अल्पमिश्र पोलादांपुरतेच भरवशाचे आहे. बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांशी तडा सुरू होतो, त्यामुळे तेथे हा गुणक लागू पडत नाही. कार्बन मुरवून पाणी दिलेल्या गिअरवर ठसा कातडीची साक्ष देतो, गाभ्याची नव्हे. याहून घातक बाब अशी, की काही मिश्रपोलादे टेम्परिंगनंतर सावकाश थंड केल्यास ठिसूळ होतात, तरी त्यांचा काठिण्याचा अंक जवळजवळ तसाच राहतो. परिवर्तन तक्त्यातला आकडा प्रमाणपत्रावर मोजलेल्या ताणबलाच्या रकान्यात बेलाशक लिहिण्याची सवय म्हणूनच अक्षम्य आहे: तो अंदाज आहे, आणि वाद उभा राहिल्यास निकाल तुटलेल्या नमुन्यावरूनच द्यावा लागतो.